पहिलं तोंड कुठलं

कर्मूझ, अलेक्झांड्रिया
१२ फेब्रुवारी

माहिताब पोरी,

मी ठीक आहे. तुझी आत्या मलूखियाची पातळ भाजी पाठवते, जेवणाचं अडत नाही. तिकडे थंडी सोसतेय ना?

या हातांनी काय काय केलं ते तुला ठाऊक आहे, तरी लिहितो: शिलाई मशिनचे सुटे भाग, दंतवैद्यांची हत्यारं, बोटींच्या पंपांचे पंखे, तुझी पहिली सायकल. आणि डॉक्टर लमीसच्या प्रयोगशाळेसाठी पितळी साचा. त्यात रबर ओतलं की शंखासारखी वळत जाणारी, नखाच्या कडेएवढी अरुंद नळी उमटते. पेशी वाढवायच्या टाकीतलं पाणी त्यातून जोरात सोडलं की टपोऱ्या जिवंत पेशी आतल्या भिंतीला लगटून धावतात, मेलेल्या बारीक पेशी बाहेरून. शेवटी दोन तोंडं. जिवंत परत टाकीत, मेलेल्या कचऱ्यात. औषध जिवंतच बनवतात.

त्याच साच्यातला रबरी नग तुझ्या कंपनीने तिकडे बाझेलला तपासला. निकाल आला: सदोष, जिवंत पेशी सगळ्या कचऱ्यात. माझा साचा, आणि सदोष! साचा भिंगाखाली धरून कण न् कण पाहिला. मग उमगलं. मी लिहिलं होतं, ‘पहिल्या तोंडातून जिवंत.’ पहिलं म्हणजे अर्थात उजवीकडचं, अरबी वाचतो तसं. त्यांनी डावीकडून मोजलं. भाषांतर तुझं होतं म्हणे. चूक काढत नाही. तू आता डावीकडून मोजतेस, एवढंच मनात राहिलं.

पण सदोष ठरवूनही वर साच्यासाठी त्यांचा प्रस्ताव आला. कहवाखान्यात आपल्या फत्तूहला वाचून दाखवला. तो चहा फुरकत म्हणाला, “उस्ता, बिघडलेल्या मालाला एवढे? खुळे झाले का ते?”

“साच्याची किंमत आहे ती.”

“कसली साच्याची! लेकीच्या बापाची आहे.”

त्याच्या हुक्क्याचा निखारा त्याच्याच मांडीवर पडावा, असं वाटलं. पण बोलला ते खरं होतं. शब्द तूच टाकला होतास.

नकार पाठवला. त्यातच उजव्या-डाव्याचं लिहिलं आणि पुन्हा तपासा म्हटलं.

बोलवायचं तर तू बोलव, कंपनीच्या कागदावर नको. साचा झिजतो, डॉक्टर लमीसला नवा लागत राहतो. तेवढं सांभाळून येईन.

तुझा बाप,
शाकिर

नाकारलं ते असं: साचा त्यांचा, तसा पुन्हा कुणालाही, डॉक्टर लमीसलासुद्धा, न करण्याचं वचन; बदल्यात तुझ्याच इमारतीत मला राहायला एक खोली. वर साठ हजार स्विस फ्रँक.