एका गोलाचा खुलासा

४ जानेवारी, सकाळी ७
ईमेल आला! अहमदाबादला पुरुषांची आंतरराष्ट्रीय वॉटर पोलो स्पर्धा, सात देश. स्वयंसेवकासाठी अर्ज टाकला होता. उत्तर: अर्ज मिळाला, गरज भासल्यास संपर्क करू. म्हणजे निवड झाल्यातच जमा. गरज भासणारच. अख्ख्या शहादा तालुक्यातून दुसरा अर्ज गेला असेल असं वाटत नाही.
शाळेत मुख्याध्यापक नवल सरांना सांगितलं. ‘स्वयंसेवक’ शब्द फिका वाटला, म्हणून ‘पंचमंडळात’ म्हणालो. सात दिवस किरकोळ रजा मंजूर.

५ जानेवारी
नियम पाठ. एका बाजूला सात खेळाडू, आठ-आठ मिनिटांचे चार डाव, गोलरक्षक सोडून बाकीच्यांनी चेंडू एका हाताने. तळाला पाय टेकवायचा नाही. मला पोहता येत नाही, पण पंच काठावर असतो. अडचण नाही.

८ जानेवारी
ग्रामपंचायतीत सत्कार. शाल, श्रीफळ, फ्लेक्स. सरपंच प्रेमचंदभाई म्हणाले, म्हसावदचं नाव आता समुद्रापार. घरी बायकोने, चारुलताने विचारलं, बोलावणं कुठंय? म्हणालो, मोठी कामं कागदावर होत नाहीत. ती पोळ्या लाटत राहिली.

१० जानेवारी, दुपारी १
निघालो. सगळे एसटीपर्यंत पोचवायला आले, त्यामुळे निघावंच लागलं. फोन अजून नाही. विसरवाडीला उतरलो. डोकं लावून. फोन आला की इथून सुरतेची गाडी पकडून थेट अहमदाबाद. हायवेलगत लॉज घेतला.

११ जानेवारी
फोन नाही. नेटवर्क तपासलं. फुल आहे.
लॉजमालक वीरसिंगभाऊंनी विचारलं, कुठे जायचं? आंतरराष्ट्रीय कामावर, म्हणालो. ते म्हणाले, गादी बदलून देतो.

१२ जानेवारी
बाहेर पडता येत नाही. खाली हॉटेलात म्हसावदचे तिघे चहा पीत होते, लग्नाला नवापूरला चाललेले. वडापाव टेबलावर सोडून वर पळालो. खिडकी हायवेकडे, म्हणून तीही बंद. ट्रक गेला की पलंग हलतो. संकल्प: उद्या सकाळी घरी जाऊन सगळं खरं सांगायचं.

१३ जानेवारी, सकाळी
संकल्प पुढे ढकलला. आज भारताची मॅच आहे. मॅच सोडून जाणं बरं दिसत नाही.

सायंकाळी ६
भयंकर. शाळेत पडदा लावून अख्ख्या गावाने मॅच पाहिली. गोलपोस्टशेजारी पांढऱ्या कपड्यांत एक गोल-पंच बसला होता, गोल झाला की दोन्ही हात वर करायचं त्याचं काम. चष्मा, टक्कल, थोडं पोट. नवल सरांचा फोन: सर, दिसले हो दिसले! मी काय बोलणार? हो म्हणालो.
मग शेवटच्या मिनिटात आपल्या पोराने चेंडू मारला. माझ्या मोबाईलवरही स्पष्ट दिसलं, चेंडू रेषेच्या आत. त्या माणसाने हात वर केलेच नाहीत! भारत एका गोलाने हरला.
लगेच प्रेमचंदभाईंचा फोन: “सर, गोल व्हता ना? हात का बरं वर करा नहीं?”
सांगितलं, भाई, तो मी नव्हे. ते म्हणाले, आता अंगावर आलं तर नाकारता? नवल सरांना तर आत्ता हो म्हणालात.
एकवीस मिस्ड कॉल. अहमदाबादचा एकही नाही.

१४ जानेवारी
ऐन संक्रांतीला दार लावून बसलो. वीरसिंगभाऊंनी तिळगूळ आणून दिला. तेवढंच गोड बोललं कुणी.

१५ जानेवारी, दुपारी ४
घरी. स्टँडवरून घरापर्यंत कुणी रामराम घातला नाही. फ्लेक्स उतरवलेला.
चारुलताला सगळं सांगितलं. लॉज, खिडकी, वडापाव. ती म्हणाली, “मले माहीत व्हतं. फोनमा मांगे ट्रकना हॉर्न वाजे. पान्यामा ट्रक कथाईन येतीन?”
मग म्हणालो, तूच गावाला सांग, तो पंच मी नव्हतो. ती म्हणाली, “देशले हारावनारा म्हनीसन गाव चार दिन चिडी. लॉजमा लपेल म्हनीसन जनमभर हासी. पाहा तुम्हीच.”
पाहिलं. तिचंच बरोबर.

१६ जानेवारी
ग्रामपंचायतीत लेखी खुलासा वाचला. “भारताचा चेंडू रेषेच्या पूर्ण आत गेला होता. माझ्याकडून हात वर करायचे राहून गेले. समस्त ग्रामस्थांची माफी मागतो.” सही केली. खरंच आपल्याकडूनच राहिलं असावं असं क्षणभर वाटलं. प्रेमचंदभाई म्हणाले, चूक कबूल करायला छाती लागते. माफ.
बाहेर शाळेत खिचडी शिजवणाऱ्या गुलाबबाई थांबल्या होत्या. त्यांनी विचारलं, सर, तिथलं पाणी किती खोल होतं? दोन मीटर, म्हणालो. एवढ्या पाण्याच्या काठावर बसून भीती नाही का वाटली?
वाटली, म्हणालो. फार वाटली.
त्या म्हणाल्या, वाटतेच, आणि खिचडीचा डबा हातात दिला. घरी येऊन खाल्ली. मीठ कमी होतं. तरी पूर्ण संपवली.