बत्ताशा: कोंबडा की तलंग?

२० मे १९८६, पालम
ह्यांनी परभणीहून बुटाच्या खोक्यात बॉयलर कोंबडीची दोन पिल्लं आणली. पिवळीधमक! मी खोक्यासकट नाचले, माझ्या आजारपणानंतर पहिल्यांदाच. नावं ठेवली: बत्ताशा आणि गुल्ली. पोल्ट्रीवाला ह्यांना म्हणाला, "पाळायला? साहेब, दोन महिन्यांत ताटात येतात ही." आणून बघ म्हणावं ताटात!

२५ मे
सासूबाईंचं फर्मान. मी टायफॉईडनं पडले होते तेव्हा त्या मरीआईला कोंबडा बोलल्या होत्या. "दोघांत नर निघंल त्यो आखाडात आईचा. तलंग निघाली तर तुझी, अंडी खा."
माझ्या जिवाच्या बदल्यात ह्या पिल्लांचा जीव? छे! दोन्ही तलंगाच निघणार.
शेजारच्या शांतामावशींनी दोऱ्याला सुई बांधून पिल्लांवर धरली. गोल फिरली तर मादी, सरळ झुलली तर नर. दोघांवरही गोल! (टेबलपंखा चालू होता. मी बंद नाही केला.)

१२ जून
काय खातात! ज्वारीची कणी, पेंडीचा चुरा, वाटी ठेवायचा अवकाश की फडशा. मीही भरतच राहते. गुल्लीला जरा जास्त, ती मागते म्हणून. आत्ताच ओंजळीत मावेनात. मजा नुसती!

२४ जून
गुल्ली उठेना. अंग वाढलं, पाय पेलेनात. ढोरांच्या डॉक्टरांकडे नेली. "बाई, ह्यांना पोटभर घालायचं नसतं. लाडानं पाय मोडले तुमी."
घरी येईपर्यंत गेली. खूप रडले. माझीच चूक, दुसऱ्या कुणाची नाही.
आजपासून बत्ताशाला सकाळ-संध्याकाळ एकेक वाटी, मोजून. मधल्या वेळात अंगणात पळवायचं.

५ जुलै
पळतो! म्हणजे पळते! न्हाणीपासून ओट्यापर्यंत शर्यत लावली, मी हरले. पिवळा रंग गेला, पांढराशुभ्र झालाय. पण तुरा लाल व्हायला लागलाय, आणि पाय माझ्या अंगठ्याएवढे जाड.
शांतामावशी: "आगं, दांडगा कोंबडा हाय ह्यो."
"सुई तर गोल फिरली होती, मावशी."
"पंखा चालू हुता की तवा."

२२ जुलै
सासूबाई सहज बोलून गेल्या, "बरं झालं धडधाकट हाय. आईला लंगडं चालत न्हाई."
दिवसभर डोक्यात तेच. चार-आठ दिवस दाण्याचा डबा उघडा ठेवला की हाही गुल्लीसारखा पाय मोडून बसेल. बसला की सुटला.
दुपारी झाकण काढलंसुद्धा. तो आवाज ऐकून धावत आला, ठणठणीत पायांवर, पंख पसरून. गुल्ली आठवली. नाही जमलं. झाकण लावलं, आणि संध्याकाळी एकच वाटी. म्हणजे मीच त्याला देवीजोगा ठेवतेय...

२८ जुलै
उद्या मंगळवार, नवसाचा.
सकाळी बत्ताशा ओट्यावर चढला, मान ताणली आणि आरवला! फाटका, घोगरा, पण पहिली बांग! मी टाळ्या वाजवल्या. मग एकदम तोंडावर हात.
सासूबाई चुलीपाशी. तव्यावरची भाकरी करपली तरी हलल्या नाहीत. मग त्याच भाकरीचा तुकडा कुस्करून त्याच्यापुढे टाकला.
"तलंगीचा गळा बसलाय," म्हणाल्या. "हवा बदलली न्हवं."
मी विचारलं, "अन् आईचा कोंबडा?"
"बोलले मी हाय. माझं मी बघन. मंगळवार काय एकच येतोय व्हय?"
मी त्यांना मिठीच मारली, त्यांच्या पिठाच्या हातांसकट. तेवढ्यात तो परत आरवला, ह्या वेळी चांगला खणखणीत.
मरीआईचं देऊळ आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. सासूबाईंनी उठून दार लावून घेतलं.