काशीला सोडलेलं वांगं

गुरु., १२ जून
आई आज पुन्हा अर्ध्या पोळीवर उठली. "पोट भरलं गं." कशानं भरलं, हवेनं? बाबा गेल्यापासून हेच. इथे परदेशात, फेल्डहोवनला आमच्याकडे आणलं, म्हटलं नातीत, इरात रमेल, चार घास खाईल. छे! थालीपीठ झालं, तिच्या पद्धतीची आमटी झाली. मंदार म्हणतो, सासूबाईंना वेळ दे. हुइसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे नेलं, तर त्याचं ठरलेलं, पॅरासिटामॉल. हात टेकले.

रवि., १५ जून
चर्चमागच्या मैदानात ग्रीक लोकांचा मेळा. इराचा हट्ट, म्हणून गेलो. फेर धरून नाच, कोळशाचा धूर, मधात बुडवलेले गरम गोळे (इरानं एकटीनं फस्त केले). एका ग्रीक मावशींकडे पावाला लावून खायचं काहीतरी करडं होतं. विचारलं, मांस? मासे? अंडं? नाही, नाही, नाही. आपली प्रश्नपत्रिका तिथेच संपते. दिलं आईला.
आई जेवली! वाटी पुसून खाल्ली, वर "अजून आहे का?" माझ्या डोळ्यांत पाणी. म्हटलं, धूर.
घरी न्यायला डबा भरून मागितला. मावशींनी कौतुकानं पेटीतलं वांगं काढून दाखवलं. हेच, कोळशावर भाजून. लसूण, लिंबू, तेल.
मेले मी. बाबांच्या अस्थी घेऊन काशीला गेलो, तेव्हा आईनं वांगं सोडलं. जन्मभरासाठी. बाबांचा जीव भरतावर, म्हणून तेच.
डबा घेतला. सांगितलं नाही.

सोम., १६ जून
"कालचं ते आहे का थोडं?" स्वतःहून! अख्खी पोळी खाल्ली. मंदार म्हणे, "गप्प बस, खातायत ना?" त्याचं काय जातं. सांगितलं तर तोंडचा घास जाणार. नाही सांगितलं तर माझ्या हातून तिचा नेम मोडतोय. काय करू मी?

बुध., १८ जून
राहवलं नाही. सांगून टाकलं.
"पहिल्याच घासाला कळलं होतं मला. जन्मभर भाजलीयेत वांगी."
"मग खाल्लंस का?"
"भूक लागली होती गं. हे गेल्यापासून पहिल्यांदा. लाज वाटली मला." आणि हमसून रडली. मी पाठीवर हात ठेवला.

शुक्र., २० जून
कालपासून फक्त चहा आणि दूध. इरा मागे लागली, "आज्जी, जस्ट वन बाइट!" हसली. खाल्लं नाही. डबा फ्रिजमध्ये तसाच. टाकवत नाही, वाढवत नाही.
आत्ता स्वयंपाकघरात गेले, तर आई फ्रिज उघडून उभी. मला बघून म्हणाली, "दूध शोधत होते." दूध ओट्यावरच होतं.
हॉलमध्ये येऊन लिहितेय. दार उघडं राहिलं की आमचा फ्रिज पीं पीं करतो. करतोय अजून.