चार वाजताची तयारी

३ तारीख, सोमवार
नऊ महिन्यांनी आज पुन्हा कामावर! आधीच्या कंपनीने एका दुपारी तीस जणांना घरी पाठवलं, त्यात मीही होते. तो विषय आता पुरे. ही जागा ताईने लावून दिली. सख्खी थोरली बहीण, इथे बारा वर्षं आहे. तिसरा मजला, खिडकीजवळचं टेबल, न करकरणारी खुर्ची. काम विम्याचे दावे तपासायचं, म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. शेहेचाळीसाव्या वर्षी नोकरी, तीही बहिणीशेजारी, म्हणजे सोन्याहून पिवळं. लेक नुकतीच पदवीधर झालीय, रोज अर्ज पाठवते. म्हणाली, आई, तुझा नंबर माझ्याआधी लागला.

४ तारीख, मंगळवार
इथली एक पद्धत गमतीची आहे. नव्या माणसाने रोज चार वाजता अर्धा तास ‘पुढच्या नोकरीची तयारी’ करायची. आल्या आल्या जायची तयारी! कंपनीच्या समुपदेशक बाई म्हणाल्या की नोकरी जाण्याची भीती सगळ्यांनाच असते, तयारी असली की ती पळते. मी दुधाने तोंड पोळलेली, मला लगेच पटलं. छोट्या खोलीत समोर दुसरीच एक बाई बसते आणि मुलाखतीतले प्रश्न विचारते. मी दिलेलं उत्तर ती हळू आवाजात पुन्हा म्हणते. अट एकच, खरं सांगायचं. ती दिसते कशी ते आता आठवत नाही. चेहरा अगदीच साधा असावा.

६ तारीख, गुरुवार
आज तिने विचारलं, खोटा दावा कसा ओळखता? मी वीस वर्षांचं सगळं ओतलं. घाईत केलेली सही, वेगवेगळ्या तारखांना एकच शाई, अपघाताच्या वर्णनातली पाठ केलेली वाक्यं. बोलून फार हलकं वाटलं. घरी कोण एवढं ऐकून घेतं?

१० तारीख, सोमवार
फाइल उघडली आणि काही सुचेना. सही घाईत केलीय हे कशावरून कळतं? तासभर नुसती बघत बसले. ताईने चहा आणून दिला. नव्या जागेचा ताण असेल म्हणाली, तयारी मात्र चुकवू नकोस. म्हणून आज जास्तच मन लावून बोलले. भीती वाटली की मी अंगठा मुठीत धरते आणि शंभरापासून उलटे आकडे मोजते, तेही सांगितलं. हौसच मला.

१३ तारीख, गुरुवार
कपात होणार अशी कुजबुज आहे. भीती वाटली. अशा वेळी मी काहीतरी करत असे, पण काय? ही वही चाळली तेव्हा सापडलं. अक्षर माझंच आहे.
चार वाजता ती आधीच येऊन बसली होती, अंगठा मुठीत धरून. तिचा चेहरा आता नीट लक्षात राहतो. रोज सकाळी आरशात बघते, तोच.

१७ तारीख, सोमवार
आज त्या खोलीत जाणारच नव्हते. ताईने हाताला धरून नेलं. तिचा तळवा घामाने ओला होता.
आईबद्दल सांगितलं. लग्नाबद्दल. सांगायचं नव्हतं, पण तिने विचारलं की ओठ थांबतच नाहीत.
घरी एक गृहस्थ बसले होते. लेकीने त्यांना जेवायला वाढलं. कोण, ते मी विचारलं नाही.

१८ तारीख, मंगळवार
ताईला जिन्यात गाठलं. ती भिंतीकडे बघून बोलली.
“कपातीच्या यादीत माझं नाव होतं गं. सुटायचं तर आपल्या जागी आपल्या रक्ताचं माणूस द्यावं लागतं. तू तशीही घरीच बसली होतीस.”
तशीही. बहिणीनेच केसाने गळा कापला. कुंपणानेच शेत खाल्लं. संताप संताप झाला, पण रडू आलं नाही. रडण्याबद्दल बहुतेक सांगून झालंय.

१९ तारीख, बुधवार
माझ्या टेबलाशी ती. सगळे तिला माझ्याच नावाने हाक मारतात. ताईसुद्धा.
हाक ऐकू आली. नाव नाही कळलं —
लेकीचं नाव दिलेलं नाही. दात आवळून बसले. तेवढं एकच उरलंय.

२० तारीख, गुरुवार
समुपदेशक बाई म्हणाल्या, गेलेलं सगळं परत मिळतं. एक अर्ज भरायचा. त्यावर आपल्या जागी येणाऱ्याचं नाव. तुमची मुलगी काम शोधतेय ना — हे त्यांना कोणी — मीच.
मी ताई नाही. मी असलं कधी —
चार वाजायला आले. आज ती लेकीचं नाव विचारणार. ओठ थांबणार नाहीत. मग नावही जाईल, आणि लेक माझी होती हेही —
लिहून ठेवते. फक्त आठवण म्हणून. अर्जावर नाही, इथे, वहीत —
या पानावर वर काहीतरी छापलंय. काल नव्हतं. ‘जागी येणाऱ्या व्यक्तीचं नाव’. आणि खाली माझ्या हस्ताक्षरात पहिलं अक्षर — हात थांब — बाळा, मी नाही लिहीत हे, हात —