ओसरीतल्या पेवावर दिवा लावू नये

मी छबुबाई, कैलासवासी राधाकिशन यांची पत्नी, राहणार मौजे उमापूर, तालुका गेवराई, जिल्हा बीड, हे लिहून ठेवते. अंगात ताप आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. कुणाची जबरदस्ती नाही. भीती आहे ती फक्त माझ्या बाजेखालच्या पेवाची.

हे घर मला वडिलांनी बक्षीसपत्राने दिलं, तेव्हा ते कुणाला द्यायचं हे मीच ठरवणार. ओसरीतलं पेव ज्वारी साठवायला जमिनीत खणलेलं. माझा मुलगा बद्रीनाथ याने मोटार घेतली आणि पेवात पेट्रोलचे डबे उतरवले. मी अडवलं तर म्हणाला, "आई, पेवात गारवा हाय. उन्हात डबे फुगत्यात, गळत्यात. कावून भितीस?" गारवा आहे हे खरं. पण गळलेल्या तेलाची वाफ जड. ती वर येत नाही, पेवातच साचून राहते.

गेल्या वैशाखात डबे काढायला गावातली पेवं उपसणाऱ्या सिदूला बोलावलं. पेवातल्या कोंदट हवेत माणूस गुदमरतो, म्हणून आपल्याकडे आधी दोरीला दिवा बांधून खाली सोडतात. विझला तर उतरायचं नाही. सिदूने जन्मभर तेच केलं होतं. "दिवा सोडल्याबिगर म्या उतरत न्हाई," म्हणाला. दिवा विझला नाही. पेवातून जाळ उठला आणि सिदू गेला. माझे दीर बंकटराव यांनी पंचनाम्यात सांगितलं की सिदू बिडी ओढत होता. तो कधीच बिडी ओढत नव्हता. बंकटरावांना माझ्याकडून काही नाही. माझा पितळी अडकित्ता त्यांनी नेला आहे, तोही परत घ्यावा.

यंदा बद्रीनाथने पुन्हा डबे भरले. तेव्हापासून मी पेवाच्या झाकणावर बाज टाकून पडले आहे.

माळावरचं शेत बद्रीनाथला. त्यात त्याने पेट्रोलसाठी कोठार बांधावं. छप्पर जाड असावं, भिंतींना जमिनीलगत झरोके असावेत आणि भोवती मातीचा बांध, म्हणजे सांडलेलं तेल गावाकडे वाहणार नाही. पिंपं काठोकाठ भरू नयेत, उन्हाने तेल फुगतं. तिथे दिवसाउजेडीच जावं.

घर सून शिवकन्या हिला. ती रोज म्हणते, "आत्याबाई, लई वास येतोय, आत चला." पोरी, मी उठले की बद्रीनाथ झाकण उघडील, म्हणून उठत नाही. माझ्या सोन्याच्या पाटल्या सिदूच्या बायकोला.

आता शेवटचं. माणूस गेलं त्या जागी दिवा ठेवायची आपली रीत आहे. मी याच बाजेवर गेले आणि डबे निघाले नसतील, तर माझ्यासाठी दिवा लावू नये. मला अंधार चालेल. माझ्या दिव्याने माझी नातवंडं जळालेली चालणार नाहीत. जो लावील त्याला यातलं काहीही मिळू नये.

पुरवणी: हे वाचून दाखवलं तेव्हा बद्रीनाथ उभा राहून ऐकत होता. आत जाऊन त्याने चुलीवर पाणी ओतलं, खिशातली काड्यापेटी म्हाळूच्या हातात दिली आणि बाजेशी वाकला. "आई, मला धर," म्हणाला. म्हणून खालची निशाणी ओसरीत नाही, अंगणात लिंबाखाली केली आहे.

छबुबाई, निशाणी अंगठा
साक्षीदार: म्हाळू, सिदूचा भाऊ, अंगठा
साक्षीदार: रामहरी, शेजारी, सही
लिहिणार: विठ्ठलराव, अर्जनवीस
मौजे उमापूर, चैत्र वद्य पंचमी, फसली सन १३३९