एका फोटोत पाच अंगठ्या

४ जून
म्हणे दुर्बीण घेताना आई आठवली नाही का! आठवली, म्हणून तर घेतली. पण ताईला फोनवर ऐकूनच घ्यायचं नसतं. आईच्या मोतीबिंदूसाठी साठवलेले चाळीस हजार मी उडवले नाहीत, गुंतवले. फोटोस्पर्धेचं पहिलं बक्षीस एक लाख. दोन्ही डोळे होतील, वर ताईला शिलाई मशीन. साधा हिशोब आहे.

६ जून
विषय ठरला. अंगठीसारखा दिसणारा तेजोमेघ. म्हणतात प्लॅनेटरी नेब्युला, पण ग्रहाशी संबंध शून्य. म्हाताऱ्या ताऱ्याने बाहेर टाकलेला वायू. सातवी नापास माणसाला हे कळतं, ताईला माझी तळमळ कळत नाही.

९ जून
ढग.

१० जून
ढग. गोदामात खोकी उचलायची फोर्कलिफ्ट चालवताना वर बघत होतो, दोन खोकी पडली. अर्ध्या दिवसाचा पगार कापला. सुपरवायझरला आकाशातलं काय कळणार.

१३ जून, पहाटे
मिळाला!! गच्चीवरून, पहिल्याच फटक्यात. गोल, गुबगुबीत, मध्ये काळं भोक. ताईला लगेच फोन लावला, म्हटलं डॉक्टरांची तारीख घेऊन टाक. तिने वीस जून घेतली.

१४ जून
खोलीतल्या वेल्डरदादाला फोटो दाखवला. म्हणाला, बाजूला आणखी चार अंगठ्या दिसतात, त्या कोणाच्या? चपापलो. मग लक्षात आलं, एका फोटोत पाच तेजोमेघ! तो म्हणाला, मग सराफाचं दुकानच लागलंय म्हण की. जळतात लोक. फोटो स्पर्धेला पाठवला.

१७ जून
स्पर्धावाल्यांचं उत्तर. फोकस चुकला की अशा आरशाच्या दुर्बिणीतून कुठलाही साधा तारा अंगठीसारखा दिसतो म्हणे. मधलं भोक म्हणजे आतल्या छोट्या आरशाची सावली. पुढल्या वर्षी नीट फोकस करून पाठवा.
फोकस केलाच होता. माझ्या डोळ्याला तर स्पष्ट दिसत होतं.

१८ जून
ताई न भांडता बोलली, तेव्हाच विचारलं, काय झालं. काल आईची पायरी चुकली. नुसतं खरचटलंय. मग आईने फोन घेतला. म्हणाली, तो फोटो पाठव रे, अजून थोडं अंधुक दिसतंय तोवर बघून घेते.
म्हटलं, नेट चालत नाही.

१९ जून
दुर्बीण विकली. तात्पुरती. घेणारा अठरा हजारांच्या वर सरकेना. एका डोळ्याचे वीस होतात. ताईला सांगितलं, बक्षिसाचा पहिला हप्ता समज. ती नुसतं बरं म्हणाली. खिशात सातशे होते, तेही घातले.
आज पाठवतोय: अठरा हजार सातशे.