गवत कापायचा ट्रॅक्टर आणि बाकीची मिळकत

मी रामहरी भगवान सुरवसे, वय ५६, संस्कृतचा शिक्षक, राहणार तामलवाडी, ता. तुळजापूर, जि. धाराशिव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, शांत चित्ताने लिहीत आहे. कोणी धाक घातलेला नाही. पुढच्या सोमवारी सोलापुरात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. काळजी करू नका असे डॉक्टर म्हणाले, तेव्हापासून काळजी सुरू झाली.

१. राहते घर, भोवतीचे एक एकर आवार आणि बँकेतील ठेव पत्नी विमल हिला. तिच्यानंतर चिरंजीव उत्कर्षला. तो पुण्यात नवव्या मजल्यावर राहतो. आवारात प्लॉट पाडण्याचा विचार त्याने आईच्या हयातीत मनातही आणू नये. आणल्यास तिला तो चेहऱ्यावरून कळतो.

२. संस्कृत ग्रंथांची दोन कपाटे शाळेला. वाळवीने त्यातले बरेचसे माझ्याआधी वाचून संपवले आहे.

३. माझा विळा शेजारी वीरप्पा कोरे यांना. "आत्ता आनून देतो" म्हणून त्यांनी तो नऊ वर्षांपूर्वी नेला आहे. घरात शोधत बसू नये.

४. आता ट्रॅक्टर.

वाटणीत मी घर घेतले, धाकट्या गोरोबाने शेती. शेत नसलेल्या मास्तरने छोटा का होईना ट्रॅक्टर घेतला म्हणून गाव हसले. पण आवारातल्या कमरेएवढ्या गवतात विमलला घोणस चावली होती. अकरा दिवस ती दवाखान्यात होती. ट्रॅक्टरमागे कापणीचे यंत्र जोडले की दोन तासांत आवार मोकळे होते. पहिल्या वर्षी मी चालवला आणि दोनदा कडुलिंबाला धडकलो. तेव्हापासून विमल चालवते.

चूक माझी अशी झाली की अनुदानाला सातबारा लागतो आणि तो माझ्याकडे नाही. गोरोबा म्हणाला, "दादा, माझं नाव लावा की. घरातल्या घरात काय फरक पडतोय?" पैसे माझे, नाव त्याचे. खंडेनवमीला ट्रॅक्टरला हळदकुंकू विमल लावते, नारळ फोडायला मालक म्हणून गोरोबा येतो आणि अर्धा नारळ घरी नेतो. नारळावरून कोण भांडणार?

दोन वर्षांपूर्वी फाल्गुनात गारपीट झाली. गोरोबाच्या शेळ्यांच्या गोठ्यापुढे गुडघाभर गारा साचल्या, दार उघडेना, आत पाणी भरू लागले. मी शाळेत होतो. विमलने मागे लोखंडी फळी जोडली आणि ट्रॅक्टर उलटा रेटत गारा बाजूला सारल्या. तीसच्या तीस शेळ्या जिवंत निघाल्या.

गोरोबा म्हणाला, "बघा वैनी, माझ्या ट्रॅक्टरनं माझ्या शेळ्या वाचवल्या!"

"व्हय भावजी. अन् चालवत कोन होतं? सातबारा?"

माझ्यामागे विमल त्या आवारात एकटी राहील. पाऊस झाला की गवत येणार आणि गवतात घोणसही. कागद पाहता उद्या कोणीही गोरोबाच्या नावाने ट्रॅक्टर दारातून नेऊ शकेल. जे माझ्या नावावर नाही ते मी देऊ शकत नाही. म्हणून हे कलम नव्हे, विनंती आहे. ट्रॅक्टर विमलकडेच राहू द्यावा आणि ते मान्य असल्यास गोरोबाने खाली साक्षीदार म्हणून सही करावी.

५. आज सकाळी वरील मजकूर गोरोबाला वाचून दाखवला. त्याने पेन घेतला आणि परत ठेवला.

"दादा, तुमच्या मरनाच्या कागदावर म्या सही करीत न्हाय."

"अरे, देह म्हटला की..."

"संस्कृत नका सांगू. नाव बदलायचा कागद हाय का?"

अर्ज होता. उत्कर्षने दिवाळीत आणून दिला होता. पुढे करण्याचा धीर मला झाला नव्हता. गोरोबाने त्यावर उभ्या उभ्या सही केली आणि विमलला म्हणाला, "वैनी, आता तुमचा. विमा तेवढा काढून घ्या. मार्चमधीच सरलाय, सांगायचं राहिलं."

सबब कलम ४ ची गरज उरलेली नाही. तरी ते खोडत नाही. खाडाखोड केलेल्या दस्ताचा लोकांना संशय येतो.

स्थळ: तामलवाडी
दिनांक: २१ ऑगस्ट २०२५

(सही) रामहरी भगवान सुरवसे

आमच्या समक्ष सही केली:
१. (सही) वीरप्पा कोरे, शेजारी
२. (सही) महारुद्र गवळी, मुख्याध्यापक. गोरोबा सुरवसे यांनी नकार दिल्याने, त्यांच्या जागी.